घास भरवायचा नाही

काम आवडतं का, हा प्रश्न मला एकोणचाळीस वर्षं कोणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. काम ते काम. दात घासायला आवडतात का, असं कोणी विचारतं का? पुण्यात मी तेरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, यादी करायची, वर पाठवायची. घरात मी तेच फुकट करते, असं नवरा म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मग नवऱ्याला जर्मनीत, एश्बॉर्नमधल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इथे आलो. दीड वर्षाने मलाही तिथेच, त्याच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये, पुन्हा टेस्टिंगच मिळालं. दोघं एकाच एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, जायचो. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर देवापुढे साखर ठेवलेली दाखवली. सगळं कसं छान जमून आलं होतं.

एका मंगळवारी नवरा घरून काम करत होता, म्हणून मी एकटीच गाडीत होते. एश्बॉर्न आलं, दार उघडलं, आणि मी उठलेच नाही. पाय दुखत नव्हते, बरं वाटत होतं, पण उठवेना. दार बंद झालं. मी शेवटच्या स्टेशनापर्यंत गेले, तशीच परत आले, आणि परत येतानाही एश्बॉर्नला उतरले नाही. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "अरे, मला नाही जमत हे." तो म्हणाला, "सर्दी झालीय का?" बिचारा. तेरा वर्षांत मी काही बोललेच नव्हते, तर त्याला कुठून कळणार!

राजीनामा दिला. आता पुढे काय, हे मला अजिबात माहीत नव्हतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक किटा आहे, म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. त्यांच्या दारावर चिठ्ठी होती: बुधवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवायला कोणी येईल का. खरं सांगते, मी मुलांसाठी गेले नाही, माझं जर्मन सुधारावं म्हणून गेले. मोठी माणसं माझं जर्मन ऐकताना चेहरा एवढा समजूतदार करायची की माझी वाचाच बसायची. चार वर्षांची मुलं तसलं काही करत नाहीत. चुकलं की चुकलं म्हणून सांगतात आणि पुढचं पान उलटायला लावतात.

त्या बुधवारी मी दोन तासांत एकदाही घड्याळ बघितलं नाही. बाहेर आल्यावर हे लक्षात आलं आणि मला चक्क भीती वाटली.

मला हेच काम करायचंय, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा नवरा बराच वेळ चहा ढवळत बसला. सासूबाई कॉलवर म्हणाल्या, "म्हणजे इंजिनिअर होऊन आता आयाबाईचं काम?" मी म्हटलं, "अहो आई, इथे त्याला तीन वर्षं शिकावं लागतं." "आयाबाई व्हायला तीन वर्षं?" त्या खऱ्याखुऱ्या चकित झाल्या. माझी तेरा वर्षांची मुलगी फोनमधून डोकं न काढता जर्मनमध्ये म्हणाली, की आईला जे करायचंय ते करू द्या ना. आमच्याकडे मराठी कळतं सगळं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. त्या दिवशी त्या उत्तराचा मी मुकाच घेतला.

शिक्षणाचं नाव आउसबिल्डुंग. आठवड्यातले काही दिवस शाळा, काही दिवस किटात काम. पण आधी सहा आठवडे प्राक्टिकुम, म्हणजे उमेदवारी, करायची आणि किटाच्या मुख्य बाईंचा लेखी शेरा आणायचा. शेरा चांगला तर जागा, नाहीतर नमस्कार. वय बेचाळीस. पुढच्या वर्षी पुन्हा बघू, असं म्हणण्याची ताकद माझ्यात उरलेली नव्हती, आणि एश्बॉर्नचं दार पुन्हा उघडलं तर मी काय करेन हे मला माहीत होतं.

मला सगळ्यात लहान मुलांच्या गटात टाकलं. तिथे अडीच वर्षांची एक मुलगी नवीनच आली होती. तिची आई बेकरीत कामाला लागली होती, पहाटे निघायची. ही बया जेवायचीच नाही. बाकीची मुलं आपापल्या चमच्याने अंगाखांद्यावर सांडत का होईना खायची. ही ताटलीकडे बघत बसायची, ताटली जायची, आणि दुपारी दोनला भुकेने रडायची. बाकीच्या शिक्षिका शांतपणे म्हणायच्या, खाईल, तिची वेळ आली की खाईल. मला तो शांतपणा बघवायचा नाही. अहो, पोर उपाशी आहे आणि तुम्ही वेळेच्या गोष्टी कसल्या करताय?

चौथ्या आठवड्यात एका गुरुवारी भात आणि मसुराचं पातळसर काहीतरी होतं. आपल्या आमटीच्या लांबच्या नात्यातलं. बरोबरची शिक्षिका दुसऱ्या मुलाचे कपडे बदलायला गेली होती. मी हात धुऊन आले, भात आणि ते मसूर बोटांनी कालवलं, एक छोटा घास केला आणि म्हटलं, "हा घास काऊचा." मराठीतच. जर्मनमध्ये काऊ कसा आणायचा? तिने माझ्या हाताकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आ केला. मग चिऊचा. मग माऊचा. अख्खी ताटली संपली. शेवटी प्राणी संपले म्हणून मी एक घास खिडकीतून दिसणाऱ्या इलेक्ट्रिशियनचासुद्धा दिला. दुपारी ती दोन तास गाढ झोपली. तेरा वर्षं टेस्टिंग करून मला जे कधी वाटलं नाही ते त्या झोपलेल्या पोरीकडे बघताना वाटलं. हे मला येतं. जगात एक गोष्ट अशी आहे जी मला येते.

गप्प बसले असते तर बसले असते. पण माझ्या पोटात काही राहतं थोडंच! साडेतीनला तिची आई आली. "आज सगळं खाल्लं," मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. कसं काय, म्हणाली. मी तिथेच, दारात, हवेत भात कालवून, हवेत घास करून दाखवला. आई हसत होती. तिच्या मागे मुख्य बाई उभ्या होत्या आणि त्या हसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. त्या माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान. चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला चहा दिला. म्हणाल्या, तुझं मन चांगलं आहे हे मला दिसतं. पण इथे मुलाच्या तोंडात आपण काही घालत नाही. किती खायचं, कधी थांबायचं, हे तिच्या पोटाला कळतं. आपण भरवलं की तिने ते ऐकायचं सोडून दिलं. ते तिचं शरीर आहे. शिवाय, हातांनी, हे तर अजिबातच नाही.

मराठीत मी भांडले असते. म्हटलं असतं, बाई, ती पोटाचं ऐकत नव्हती, पोट दुपारी दोनला बोंबलत होतं! म्हटलं असतं, आमच्याकडे सगळी मुलं पिढ्यान् पिढ्या अशीच वाढली आणि आपापल्या पोटाने जेवतायत. पण जर्मनमध्ये माझ्याकडे तेवढी वाक्यं नव्हती. होती ती सगळी गोष्टीच्या पुस्तकातली. मी म्हणाले, "जा. गेनाऊ." हो, बरोबर. त्या म्हणाल्या, अजून दोन आठवडे आहेत, मी बघेन, मग शेरा लिहीन. जेवताना हात मांडीवर ठेवून बघ, मदत होते.

घरी येऊन मी जे तोंड सोडलं, विचारू नका. भात, बाई, सगळा देश, कोणालाच सोडलं नाही. "जेवू घालणं हासुद्धा गुन्हा यांच्याकडे!" मी ओरडत होते. नवरा हो ला हो करत होता. तेवढ्यात मुलगी म्हणाली, जर्मनमध्येच, अगदी सहज: "पण तू माझं नाक दाबायचीस ना."

आमच्या घरात हा विनोद आहे. लहानपणी ही जेवायची नाही. सासूबाई पाय धरायच्या, मी नाक दाबायचे, तोंड उघडलं की घास आत. नाक दाबलं की तोंड उघडतं, असं म्हणून आम्ही पाहुण्यांना हसत सांगायचो. तीसुद्धा हसायची, निदान मला तसं वाटायचं.

"तुला आठवतं ते?" मी विचारलं. तिने खांदे उडवले. म्हणाली, श्वास घेता यायचा नाही ते आठवतं. आणि उठून खोलीत गेली. दारसुद्धा आपटलं नाही.

मी नवऱ्याकडे बघितलं, तो ताटाकडे बघत होता. मला एवढं असहाय कधी वाटलं नव्हतं. बाई चूक असत्या तर मी लढले असते. पण त्या बरोबर होत्या, आणि मीही गुरुवारी काही वाईट केलं नव्हतं, आणि या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असल्या की माणसाने करायचं तरी काय? मी भांडी घासली.

सोमवारपासून हात मांडीवर. खरं तर मांडीखाली, कारण मांडीवर ते राहीनात. ती मुलगी ताटलीपुढे बसायची, माझ्याकडे बघायची आणि आ करायची. पहिल्या दिवशी पाच मिनिटं तसंच तोंड उघडं ठेवून बसली. मी शिकवल्याप्रमाणे म्हणायचे, "हा तुझा चमचा." ती तोंड मिटायची, पुन्हा उघडायची. बुधवारी रडली. मुख्य बाई मधूनमधून दारात येऊन उभ्या राहायच्या, हातात वही घेऊन, आणि मी खिडकीबाहेरच्या सायकली मोजत बसायचे. पळून जावंसं वाटायचं. पण ते तोंड सोडलं तर बाकी सगळं मला इतकं आवडत होतं! मोजे चढवणं, नाकं पुसणं, डबक्यात कोण आधी उडी मारणार यावरून होणाऱ्या मारामाऱ्या. सकाळी गल्लीतून मी अक्षरशः धावत जायचे. म्हणून तर सुटका नव्हती.

शेवटच्या आठवड्यात तिने आ करणं सोडलं. माझ्याकडे बघणंही.

प्राक्टिकुमचा शेवटचा दिवस. पुन्हा भात, आणि वर वाटाणे. मुख्य बाई आमच्याच टेबलावर, समोर बसल्या होत्या. ती मुलगी बराच वेळ भाताशी खेळत होती. मग बघते तर काय, तिने बोटांनी भात गोळा केला, दाबला, एक वेडावाकडा घास केला. माझ्यासारखाच, अंगठ्याने पुढे ढकलत. खा गं बाई, खा, मी मनात म्हणत होते. तिने तो उचलला आणि माझ्या तोंडापुढे धरला.

"काऊ," ती म्हणाली.

आपल्याकडे मुलाने पुढे केलेला घास कोणी नाकारत नाही. पोट भरलेलं असो, उपास असो, निदान ओठांना लावतात. मी समोर बघितलं. मुख्य बाईंनी मानही हलवली नाही. त्या फक्त बघत होत्या. कदाचित मी तो खाल्ला असता तर त्यांना चाललंही असतं. मला ते कधीच कळणार नाही, कारण मी विचारलं नाही.

"दांके," मी आभार मानले. "तो तुझा."

हात तसाच राहिला. भाताची दोन शितं टेबलावर पडली. मग तिने तो हात वळवला आणि घास स्वतःच्या तोंडात घातला. चावला. दुसरा केला, तोही खाल्ला. असे सात घास, आपल्या हाताने, न रडता. माझ्याकडे तिने पुन्हा बघितलं नाही. मुख्य बाई हळूच म्हणाल्या, "गेनाऊ," आणि वहीत काहीतरी लिहिलं.

शेरा उत्तम आला. ही व्यक्ती स्वतःला आवरायला शिकली आहे, मुलांना त्यांची जागा देते, हिला घ्यावं अशी आमची शिफारस आहे. मी तो एस-बान स्टेशनच्या बाकावर बसून तीनदा वाचला. जागा मिळाली, असा नवऱ्याला मेसेज केला.

घरी आले तर त्याने शिरा केला होता. थोडा लागला होता, पण केला होता. सासूबाई कॉलवर होत्या, साखर पुन्हा देवापुढे होती. मुलगी खोलीतून बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. नवऱ्याने चमचा ठेवला, हाताने शिऱ्याचा घास केला आणि आपल्याकडे आनंदाला करतात तसा माझ्या तोंडापुढे धरला.

मी मुलीकडे बघितलं. तोंड उघडायला गेले आणि रडायलाच लागले, अगदी हुंदके देऊन.

"अगं, रडतेस काय?" तो घास हातात धरून उभा होता. "झालं ना सगळं तुझ्या मनासारखं?"

झालं होतं.