आजार असेल त्यांनी हात वर करा

त्या महिन्यात मी एका जागी धड बसलेच नाही. स्टाफरूममध्ये येरझारा, वर्गात येरझारा. माझ्या हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन लांबवू नका. आणि मला एकटीला विमा द्यायला एकही कंपनी तयार नव्हती. शाळेत कोणाला काही सांगितलं नव्हतं. कीव नको होती मला, बस.

तेवढ्यात आमच्या भागातल्या मनपा शाळांच्या शिक्षकांनी मिळून एकच विमा घ्यायचं ठरवलं. गटात घेतलं की जुने आजारही पहिल्या दिवसापासून धरणार होते. पण कंपनीला माणसं पुरेशी हवी होती आणि आमची जेमतेम भरत होती. कोणी ‘बघतो, सांगतो’ म्हटलं की मी परत यादीतली नावं मोजायची.

शेवटची सभा आमच्या शाळेत, सातवीच्या वर्गात. भर एप्रिल, कूलर कोरडा, आम्ही सगळे पोरांच्या बाकांत कोंबलेले. उमरेडहून रोज बसनं येणारे खेळाचे सर उठले. धडधाकट माणूस. म्हणाले, "आजारी लोकांमुळे रेट वाढून राहिला. त्यांना काढा, आपल्याले स्वस्तात पडते." बऱ्याच माना डोलल्या. अस्सा संताप आला मला! त्यात मुख्याध्यापकांनी सवयीनं सांगून टाकलं, आजार असेल त्यांनी हात वर करा.

एक हात वर जाईल तर शपथ. गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे सगळे खाली बघत बसले. मला राहवेना. उभी राहिले.

"माही झडप खराब आहे. मले काढायचं तर माह्या तोंडावर सांगून काढा."

मग मराठीच्या बाईंनी हात वर केला, त्यांना शुगर. गणिताच्या सरांचा बीपीसाठी. मग बाकाबाकांतून हात निघत गेले. मुख्याध्यापक मोजत होते, मोजता मोजता त्यांनी स्वतःचाही हात वर केला.

खेळाचे सर वळून वळून बघत राहिले. "बाप्पा, मंग उरलं कोण?" म्हणाले आणि गुमान सही करून बसले. कोणालाच काढलं नाही.

सभा सुटल्यावर ते जिन्यापाशी थांबले होते; माझा वर्ग वरच्या मजल्यावर, त्यांचा खाली. म्हणाले, मॅडम, उद्यापासून तुमचा वर्ग खाली, वर मी जातो. कीव नको होती मला, तरी हो म्हणाले.

ऑपरेशनची तारीख अजून मिळायची आहे. तोवर येरझारा चालूच आहेत, फक्त आता खालच्या मजल्यावर.