डाव्या पंखाची शेवटची तार

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात नायलॉनच्या दोऱ्याइतकाच माझ्या रागाचाही हात होता.

वडील तरुणपणी वायुदलात रिगर होते. जुन्या दुपंखी लढाऊ विमानांना कापडी पंख असत आणि वरच्या-खालच्या पंखांमध्ये फुल्या मारल्यासारख्या तारा. त्या तारा नेमक्या ताणून विमान सरळ उडेल असं बघणं हे त्यांचं काम. ती विमानं केव्हाच भंगारात गेली. मी ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढणारा माणूस. चाळिशीत मला त्यातल्याच एका विमानाची प्रतिकृती करायचं वेड लागलं. प्रमाण एकास चोवीस, म्हणजे पंख जेमतेम दोन फूट. बाल्साचं लाकूड, बांबूच्या काड्या, पंखांवर पातळ कागद आणि तारांच्या जागी मासेमारीचा बारीक नायलॉन. कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांत ते विमान दीड वर्षं जेवणाच्या टेबलावर बसलं होतं आणि आम्ही खाली पाट मांडून जेवत होतो. "विमानाला विचारा, आमटी वाढू का," असं बायको म्हणायची.

वडिलांची अट एकच होती, वही. चाळीसपानी वहीत आधी काम लिहायचं, मग 'केले' या रकान्यात माझी सही आणि 'तपासले'मध्ये त्यांची. एकाने ताणलेली तार दुसऱ्याने तपासल्याशिवाय त्यांच्या वेळी विमान जागचं हलत नसे. ते प्रत्येक तार भिंगातून बघत, मग कान जवळ नेऊन नखाने टिचकी मारत. सैल तार त्यांना आवाजावरून कळायची.

त्यांचा डावा डोळा काचबिंदूने आधीच गेला होता. आता उजव्याचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी हमी दिली नाही. "दिसलं तर दिसलं," एवढंच वडील म्हणाले. मला मात्र एका गोष्टीने पछाडलं. हॉस्पिटलात जाण्याआधी त्यांनी पुरं झालेलं विमान बघायलाच हवं. नंतर दिसेल न दिसेल.

दाखल व्हायच्या दिवशी रिक्षा पाचला येणार होती. तीन वाजता डाव्या पंखाची एक तार ताणायची उरली होती. नायलॉन आधी दोन्ही टोकांना चिकटवायचा, डिंक पक्का वाळला की पेटती उदबत्ती त्याच्या जवळून हळूच फिरवायची. ऊब लागून तो आखडतो आणि ताठ होतो. उदबत्ती लांब राहिली तर काही होत नाही, फार जवळ गेली तर तुटतो. मी घाईत होतो. वेळ वाचावा म्हणून वहीत सही आधीच करून टाकली आणि मग उदबत्ती उचलली.

"अहो, बाबांचा टॉवेल बॅगेत टाकलात का?" बायकोने आतून विचारलं.

"एक काम धड करू देऊ नका!" मी खेकसलो. मान वळली, हातही वळला. तार तुटली.

मी नवा दोरा बांधला, टोकांना डिंक लावला. डिंक वाळायला रात्र लागते, आणि त्याआधी उदबत्ती फिरवली तर टोकंच सुटून येतात. म्हणून हातानेच ओढून ठेवला. लांबून कुणाला कळलं नसतं.

साडेचारला वडील आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून टेबलाशी बसले. उजवीकडून सुरुवात. टिचकी, पुढची तार, टिचकी. डाव्या पंखाच्या त्या तारेला त्यांनी नख लावलं, पण आवाज आला नाही. त्यांनी तिच्या टोकाला अंगठा लावला आणि बोटावर चोळून बघितला. मग वही डोळ्याला जवळजवळ टेकवली आणि बोट माझ्या सहीवरून फिरवलं. शाई पसरली नाही.

"डिंक ओला आणि सही वाळलेली," ते म्हणाले. "आमच्यात उलटं असायचं."

"ते उडणार नाहीये, बाबा!" मी ओरडलो. "तुम्ही बघावं म्हणून जीव काढतोय मी!"

त्यांनी वही खाली ठेवली. "मीही एकदा आधी सही केली होती," मग म्हणाले. "तार नंतर ताणू म्हणून. तपासणाऱ्याने माझी सही बघून आपली ठोकली आणि पायलट विमान घेऊन गेला. पाऊण तास उभा होतो. वर बघवत नव्हतं."

"मग?" बायको दारात आली होती.

"मग काय, उतरलं. म्हणून तर कुणाला कळलं नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आल्यावर तपासतो."

आम्ही रिक्षात बसलो. आधी संताप होता. कर्वे रोडपर्यंत तो उतरला आणि भीती वाटायला लागली. उरलीसुरली नजर त्यांनी माझ्या एका सैल तारेवर घालवली होती. अख्खं विमान त्यांनी बघितलंच नव्हतं.

त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती त्या दिवसांत मी ती तार कापली आणि नवी बांधली. रात्रभर डिंक वाळू दिला. सकाळी देवापुढची उदबत्ती आणून फिरवली. तार ताठ झाल्यावर सही केली.

पट्टी निघाली. त्यांना खिडकीचा उजेड कळत होता, समोर माणूस आहे एवढं कळत होतं. त्यापुढे काही नाही.

घरी आल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही, टेबल चाचपत बसले. उजवीकडून टिचक्या सुरू झाल्या. त्या तारेपाशी त्यांचं नख पोचलं. तार बाकीच्यांसारखीच वाजली. त्यांनी पुन्हा एकदा वाजवली आणि हात पुढे केला.

"पेन."

मी निब 'तपासले'च्या रकान्यावर टेकवून पेन त्यांच्या हातात दिलं. सही तिरपी सुटली आणि रेघ ओलांडून माझ्या सहीवर चढली.

"बसली का जागेवर?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मी म्हणालो. "माझ्या सहीवर गेलीय."

"राहू दे तिथेच," वडील म्हणाले आणि टेबलावर पेनाचं टोपण चाचपू लागले.