गुणी बाळांचा धसका

बाळ गुणी आहे असं कुणी म्हटलं की डॉक्टरअक्का हातातला चहा खाली ठेवत. ‘रडत न्हाय हो, निजवलं तिथं निजतंय, लई गुणी,’ हे कौतुक ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. ‘महिन्याच्या आतलं पोर गुणी कशाला असेल? त्यानं घर डोक्यावर घ्यायला पाहिजे,’ असं पुटपुटत त्या चपला शोधू लागत.

मंगळवार पेठेत त्यांचं लहान बाळांचं छोटंसं हॉस्पिटल होतं. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि परक्या माणसाशी बोलायची वेळ आली की मी आईच्या मागे सरकायचे. आईनं मला केसपेपर लिहायला त्यांच्याकडे पाठवलं. ‘कॉन्व्हेंटची पोर ती,’ अक्का नर्सबाईंना म्हणाल्या, ‘इंग्रजीतनं गप्प बसती.’ मला राग आला नाही. पण त्यांच्या आसपास शांत राहणंही अवघड होतं. एका खाटेशी वाकायच्या, दाराशी जायच्या, परत त्याच खाटेशी यायच्या. ‘आत्ताच बघितलं की अक्का,’ नर्सबाई म्हणायच्या. ‘मघाचं मघा,’ अक्का म्हणायच्या. त्या खोलीत असल्या की माझेही पाय उगाच हलू लागत.

बारशाला त्यांना बोलवायला लोक कचरत. निजलेल्या बाळाच्या तळव्यावर त्या टिचकी मारत. बाळ किंचाळलं की ‘झ्याक हाय!’ म्हणून पेढा तोंडात टाकत. बायका नाकं मुरडत.

पलीकडच्या गल्लीत एका मास्तरांच्या मुलाचं बारसं होतं. अक्कांनी मला सोबत नेलं होतं. बाळ गाढ झोपलेलं, बायका पाळणा म्हणत होत्या. अक्कांनी टिचकी मारली. बाळानं तोंड जरासं वाकडं केलं आणि पुन्हा पडून राहिलं. दुसरी टिचकी. काहीच नाही. त्यांनी टाळूवर हात ठेवला. टाळू फुगून घट्ट झाली होती.

‘दूध कधी प्यालं?’

‘सकाळपास्नं न्हाय,’ बाळाची आई म्हणाली. ‘निजलंय म्हणून उठवलं न्हाय.’

अक्कांनी बाळ उचललं तशी त्याची आजी आडवी आली. ‘ओ बाई, भरल्या पाळण्यातनं पोर काढताय व्हय? नाव तरी ठेवू द्या!’

‘नाव ठेवायला पोर ऱ्हाऊ दे आधी,’ अक्का म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

हॉस्पिटलात मी बाळाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी दुमडून धरलं. अक्कांनी पाठीच्या मणक्यांमध्ये सुई घातली. येणारं पाणी स्वच्छ असायला हवं होतं. आलं ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. मेंदूच्या आवरणात पू झाला होता. मग इंजेक्शनं सुरू झाली. नाकातल्या नळीनं आईचं दूध थेंबाथेंबानं पोटात जाऊ लागलं. एकदा बाळाला झटका आला, तेव्हा अक्कांनी त्याची मूठ आपल्या बोटात धरली होती. त्यांच्या दुसऱ्या हाताची नखं टेबलाची कड खरवडत होती.

‘वाचंल न्हवं, अक्का?’ मास्तरांनी विचारलं.

‘वाचंल म्हणत न्हाय मी. सोडलेलं न्हाय, एवढंच म्हणते.’

बाळ वाचलं. तीन आठवड्यांनी घरी गेलं तेव्हा सगळे हसत होते, अक्का सोडून. ‘ह्या दुखण्यात जीव ऱ्हातो पण कान जाऊ शकतात,’ त्यांनी मास्तरांना बजावलं. ‘दर महिन्याला दाखवून जा.’ कुणी आलं नाही. अक्कांनी बारसं मोडलं, हे आजीच्या मनातून गेलं नव्हतं.

अक्का आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला मात्र त्यानंतरची एक दुपार दिसते. बाळ पाच महिन्यांचं झालं होतं. अक्कांनी मला लूनावर मागे बसवलं आणि त्या थेट मास्तरांच्या दारात गेल्या. आजी उंबऱ्यातच उभी राहिली. ‘आता काय ऱ्हायलंय तुमचं?’ ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की आत झोपलेलं बाळ दचकून भोकाड पसरून रडू लागलं.

‘बास, म्हातारे! एवढंच बघायचं होतं,’ अक्का म्हणाल्या. त्यांनी लूना वळवली. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

गल्लीच्या तोंडाशी लूना थांबली.

‘एकाच कानानं ऐकलं असलं तर?’

अक्कांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

‘उतर. तू जा. तुझ्यावर न्हाय वरडायची ती. एकेका कानाशी चुटकी वाजवून बघ.’

मी परत गेले. ‘आजी, बाळाला जरा घेऊ?’ एवढंच कसंबसं म्हणाले. आजीनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बाळ माझ्या हातात दिलं. उजव्या कानामागे चुटकी वाजवली, मान वळली. डाव्या बाजूला मला वाजवताच येईना, बोटं घामानं घसरत होती. तिसऱ्या वेळी वाजली. बाळानं डावीकडे वळून माझ्याकडे पाहिलं.

बाळाला कडेवर घेऊनच मी दाराशी आले आणि लांबूनच अक्कांना होकारार्थी मान डोलावून दाखवली. पण लूना रस्त्यातच सोडून त्या स्वतः बघायला निघाल्या होत्या.