जिथं अडखळायचं, तिथंच अडखळायचं

फोन आला तेव्हा मी वाळूजला कंपनीच्या शेडबाहेर चहा घेत उभा होतो. पलीकडून अमोल होता, माझ्या बालमित्राचा, दिगंबरचा थोरला. "का... काका," एवढं म्हणून तो थांबला आणि मग 'बा' या अक्षरावर अडकला. बोलताना अडखळणं त्याला लहानपणापासून आहे. पुढं काय येणार ते मला कळलं होतं. दिगंबरची फुप्फुसं पार थकली होती, आठवडाभर तो दवाखान्यात होता. 'कळलं रे बाळा, राहू दे,' असं मी म्हणू शकलो असतो. पण त्या घरात एक नियम होता, अमोलचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं करायचं नाही. नियम दिगंबरनं घातलेला, आणि तो गेला म्हणून मी तो मोडणार नव्हतो. मी कप कट्ट्यावर ठेवला आणि फोन कानाला लावून थांबलो... "बाबा गेले," अमोल म्हणाला. त्याचं त्यानं, शेवटपर्यंत.

त्यानंतर भेटायला आलेली माणसं दिगंबरला 'शांत', 'सोशिक' म्हणत होती. मला ते पटत नाही. माणूस गेला की त्याच्या अंगावरचे काटे काढून त्याला गुळगुळीत करायची आपल्याला घाई असते. दिगंबर हट्टी होता, भांडकुदळ होता, आणि त्याच हट्टातून त्यानं या शहरात एक अशी गोष्ट केली जी त्याच्याआधी इथं कुणी केल्याचं मला तरी माहीत नाही. त्यानं आपल्या दोन मुलांवर एक कन्चेर्टो लिहिला.

आम्ही दोघं पाचोडचे. त्याच्या वडिलांचा लग्नातला बँड होता. त्यांनीच माझ्या हातात युफोनियम, ते जाड आवाजाचं पितळी वाद्य, दिलं आणि त्याच्या हातात क्लॅरिनेट. मी पुढं कंपनीत लागलो, तो फौजेच्या बँडमध्ये गेला. नोटेशन लिहिणं, वीसपंचवीस वाद्यं एकत्र बांधणं तो तिथं शिकला आणि नोकरी संपवून परत आला तो इथल्या एका शाळेत बँड शिकवायला. मुकुंदवाडीत घर घेतलं. कुणी 'बँडवाले' म्हणून हाक मारली तर ओ द्यायचा. त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, ते आवडत नसे. "व्हय, बँडवालाच हाय ना मी," तो म्हणायचा, "बाप बँडवाला, मी बँडवाला. यात लाजायचं काय?"

अमोल पाचवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यानं भाषण करायचं ठरवलं. मी आणि दिगंबर मागच्या रांगेत बसलो होतो. दोन वाक्यं बरी गेली, तिसऱ्याला पोरगं अडकलं. मान ताठ झाली, ओठ थरथरायला लागले, पुढच्या रांगेतली पोरं हसू दाबायला लागली. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई मायाळू होत्या. त्या पुढं झाल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवून माईकमध्ये म्हणाल्या, "छान हं बाळ, टाळ्या वाजवा सगळ्यांनी." टाळ्या सुरू झाल्या. दिगंबर जागेवरून उठला. "बाई, त्याचं झालं नाही अजून," त्याचा फौजी आवाज सगळ्या हॉलभर गेला. टाळ्या थांबल्या. लोक मागं वळून बघायला लागले. मला तर जमिनीत जावंसं वाटलं. दिगंबर मात्र हाताची घडी घालून उभाच. अमोलनं बापाकडं बघितलं, श्वास घेतला आणि उरलेलं भाषण केलं. अडखळत केलं, पण सगळं केलं.

घरी जाताना क्रांती चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा दिगंबर म्हणाला, "शाम, ते पोरगं थांबतं तेव्हा गप्प नसतं रे. आत काहीतरी लई जोरात चाललेलं असतं. मला ते वाजवायचंय."

त्यातून 'दोन लेकरं' हा कन्चेर्टो जन्माला आला. कन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढं उभं राहतं आणि बाकीचा मेळ त्याच्याशी बोलतो, भांडतो, त्याला साथ देतो. पुढं दिगंबरची क्लॅरिनेट, मागं आम्ही सगळे फुंकणारे. फौजेतून निवृत्त झालेले दोघंतिघं, कॉलेजची काही मुलं आणि लग्नाच्या बँडमधले बाकीचे. पहिला भाग अमोलचा. क्लॅरिनेट एक सूर धरते, पुढं जायला बघते, अडते, पुन्हा तोच सूर, पुन्हा अडते. दुसरा भाग धाकट्या प्राजक्ताचा. ही पोरगी जन्मापासून कुणाला बोलू देत नाही. तिथं सगळा मेळ काहीतरी सांगायला जातो आणि क्लॅरिनेट दरवेळी मधेच तोडते. तिसऱ्या भागात दोघं भाऊबहीण एकमेकांशी भांडतात आणि भांडता भांडता एका सुरावर येतात. तालमी ऐकून प्राजक्तानं तक्रार केली होती, "दादाला सगळे वाट बघून वाजवतात, मला कामून सगळे ओरडतात?" दिगंबर म्हणाला, "कारण तू थांबतच नाहीस, बये."

तालमीत भांडणं व्हायची. पैठण गेटजवळ राहणारे सलीमभाई आमचे ट्रम्पेटवाले, आयुष्य वरातीत गेलेलं. वरातीत वाजवणं थांबलं की नाचणं थांबतं. त्यांना ते रिकामे विराम सोसत नसत. "दिगूभाई, यहाँ मैं भर देतूँ ना. खाली खाली लगरा," ते म्हणायचे आणि हळूच दोन सूर घुसवायचे. दिगंबर क्लॅरिनेट खाली घ्यायचा. "सलीमभाई, जिथं अडखळायचं तिथंच अडखळायचं. भरायचं नाय." "लोगां बोलिंगे भूल गया." "बोलू द्या." असं कितीतरी वेळा झालं. एक दिवस अमोल तालमीला चहा घेऊन आला आणि सलीमभाईंना काहीतरी विचारायला गेला. अडकला. सलीमभाई ट्रम्पेट मांडीवर ठेवून, त्याच्या तोंडाकडं बघत बसून राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी सूर घुसवले नाहीत.

शहरातल्या एका संगीत महोत्सवाच्या मंडळींनी आमची तालीम ऐकायला माणूस पाठवला. सज्जन गृहस्थ होते. त्यांना काम आवडलं. फक्त पहिला भाग गाळावा, असं त्यांचं म्हणणं होतं. "श्रोत्यांना वाटेल, कलाकार चुकतोय. मुलीचा भाग किती प्रसन्न आहे, तिथूनच सुरू करा ना." आमच्यातल्या कॉलेजच्या पोरांचे चेहरे उजळले होते, एवढ्या मोठ्या मंचावर वाजवायला मिळणार म्हणून. दिगंबरनं नोटेशनचे कागद गोळा केले. "साहेब, मला दोन लेकरं आहेत," तो म्हणाला. "एकाला घरी ठेवून दुसऱ्याला मिरवत नसतो मी." गृहस्थ निघून गेले. पोरं त्याच्यावर चिडली, खरं सांगायचं तर मीही चिडलो. त्याला फरक पडला नाही.

मग लग्नसराई नसताना सिडकोतलं एक मंगल कार्यालय मिळवलं आणि तिथं वाजवलं. नवरानवरीच्या खुर्च्या बाजूला सरकवून आम्ही बसलो. पहिल्याच विरामात, त्या गृहस्थांनी सांगितलं होतं तसंच झालं. कुणाला वाटलं संपलं, कुणाला वाटलं चुकलं, आणि तुरळक टाळ्या सुरू झाल्या. दिगंबरनं क्लॅरिनेट ओठांपासून काढली नाही. टाळ्या आपोआप विरेपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि पुन्हा त्याच सुरापासून निघाला. दुसऱ्या विरामाला टाळ्या आल्या नाहीत. तिसऱ्याला मला पंख्यांचा आवाज ऐकू आला, इतकं सगळं थांबलं होतं. काही लोक उठून गेले, ते मी लपवणार नाही. शेवटी एकजण येऊन म्हणाले, "बाकी उत्तम झालं, सुरुवातीला तेवढं जरा अडखळलात." "व्हय," दिगंबर म्हणाला, "पुन्हा या. पुन्हा तिथंच अडखळीन." अमोल शेजारी उभा होता. तो हसत होता.

पुढं फुप्फुसांचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं. यानं क्लॅरिनेट प्राजक्ताच्या हाती दिली आणि स्वतः तिच्यासमोर बसून शिकवायला लागला, दोन वाक्यं बोलून दम खात. ती मधेच बोलायला लागली की बोट वर करायचा... थांब, माझं झालं नाही अजून. वहिनी सांगतात, दवाखान्यातही तो चादरीवर बोटं चालवून तिला सुरांच्या जागा दाखवत होता.

आम्ही तालीम करतो ती खोली त्याच्या गच्चीवर आहे. शेजारच्या एका बिऱ्हाडाला आमचा आवाज सोसत नव्हता, म्हणून दिगंबरनं खोलीच्या चारी भिंतींना आणि खिडक्यांना जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या. तेवढी एक तडजोड त्यानं केली होती. तेराव्यानंतर नातेवाइकांनी सुचवलं, खोली रिकामीच आहे, भाड्यानं द्या. वहिनींनी ऐकून घेतलं. गेल्या रविवारी आम्ही वाद्यं घेऊन वर गेलो तर खोली ओळखू येईना. भिंती उघड्या, खिडक्या सताड उघड्या, आणि सगळ्या गोधड्या धुऊन गच्चीवरच्या तारेवर वाळत घातलेल्या. "वहिनी, शेजारी...?" मी विचारलं.

"आता ऐकू दे त्यांना," त्या म्हणाल्या आणि दाराशी बसल्या.

प्राजक्तानं क्लॅरिनेट उचलली. पहिला सूर लागला, जरा किरकिरला, आणि सगळ्या गल्लीत गेला.