देवळाच्या खोलीतली पाण्याची गादी

सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं ते शिमग्याची पालखी देवळात परत बसल्यावर पंधरा दिवसांनी. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली, पण डोकं शाबूत आणि तोरा तसाच. आमचं गाव संगमेश्वरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून तासभर आत. नवरा मुंबईला छापखान्यात. घरात मी, दोन लहान मुली आणि त्या. ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. गावात वीज आली होती, डॉक्टर यायचा होता.

महिन्या-दीड महिन्यात त्यांची पाठ फुटली. ज्यांनी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलेलं नाही त्यांना हे कळायचं नाही. आधी कमरेखाली लाल डाग, मग त्याची जखम, मग ती जखम आत आत जाते. मी कूस बदलायची, पावडर लावायची, जुन्या लुगड्याच्या घड्या खाली सारायची, आणि अर्धा दिवस शेतावर गेले की केलेलं सगळं पाण्यात. वर त्यांची ताकीद, पाठीचं गावात कळता कामा नये. मानकऱ्याच्या घरातली बाई, तिच्या अंगाला वास येतो म्हणून लोक बोलतील. कुणी विचारायला आलं की त्या गोधडी गळ्यापर्यंत ओढून घ्यायच्या आणि मी दारात आडवी उभी राहून म्हणायची, बऱ्या आहेत. डोंबल बऱ्या.

रत्नागिरीला सरकारी दवाखान्यात मलम आणायला गेले तेव्हा तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, नुसत्या मलमाने भागायचं नाही, पाण्याची गादी घे. रबराची असते, आत पाणी भरायचं, मग अंगाचा भार एकाच जागी पडत नाही. विकत घ्यायची तर मुंबईला, नाहीतर कोण वापरायला देतं का बघ. बघ म्हणजे कुठे बघ? ग्रामसेवकाला विचारलं. तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसांसाठी बरंच काही असतं, पण काय ते तालुक्याला विचारावं लागेल. तालुक्याला गेले. या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, बाई, तुमच्या गावाचं मुंबईत मंडळ असेल ना, त्यांना विचारा. मला वाटलं, कटवतोय. मनात त्याला चार शिव्या घातल्या आणि संध्याकाळची एस.टी. धरली.

मग नवऱ्याला पत्र टाकलं, अशी गादी मुंबईत कुठे मिळते ते बघा. आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं. लिहिलं होतं, अगं, ती तर आपल्या गावातच आहे. मंडळाने दोन घेतल्यात. शिमग्याला आम्हीच आणल्या, देवळाच्या खोलीत ठेवल्यात. गणपतीला सगळे गावी आले की कार्यक्रम करून गावाला द्यायच्या आहेत. तोवर आईला जप.

माझं टाळकंच सरकलं. या माणसाने मंडळाच्या सभेत टाळ्या वाजवल्या, ते खोके मांडीजवळ घेऊन रात्रभर एस.टी.त बसला, आणि आई लोळागोळा होऊन पडल्यावर याला त्याची आठवण नाही. पाठीचं मी त्याला कळवलं होतं, गावापासून लपवलं तरी नवऱ्यापासून लपवलं नव्हतं. ते पत्र मी चुलीत घातलं.

आमच्या गावाची ही जुनीच खोड. मुंबईकर गावी आल्याशिवाय आमच्याकडे कुठलीच नवी वस्तू हात लावायची नसते. विहिरीचा पंप आला, तो तीन महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवला होता, आणि त्याच्या शेजारी उभ्या राहून आम्ही बायका दोरीने पाणी ओढत होतो. का, तर फीत कापायची होती. नारळ फोडायचा, देणगीदारांची नावं वाचायची, फोटो काढायचा, मग वापरायची. पंपाचं ठीक आहे, विहिरीची पाठ फुटत नाही.

देवळाची किल्ली गावकाराकडे, म्हणजे गावाच्या मुख्य मानकऱ्याकडे. त्याच्या घरी गेले. तो पान जुळवत बसला होता. म्हणाला, "बाय, गादी काय पळून चाललीय? अध्यक्षांच्या हातून द्यायची ठरलीय. आता खोका फोडला तर त्यांना काय दाखवू?"

"माझ्या सासूची पाठ दाखवा," मी म्हटलं.

"तुझी सासू बरी हाय ना? परवा तूच सांगितलंस माझ्या मंडळीला."

मी तशीच घरी आले. सासूबाईंच्या पाठीखालची सकाळची घडी धुवायची राहिली होती. ती घेऊन परत गेले आणि त्याच्या ओटीवर, त्याच्या पानाच्या तबकाशेजारी उलगडून ठेवली. म्हटलं, हे बघा आणि मग सांगा गणपती किती लांब आहेत ते. तो मागे सरकला. त्याची बायको आतून आली, तिने पाहिलं, आणि नवऱ्याच्या कमरेची किल्ली स्वतःच्या हाताने सोडवली.

खोलीत दोन खोके होते, एकावर एक, आणि बाजूला चाकांची खुर्ची. वरचा खोका त्याने माझ्या डोक्यावर दिला. म्हणाला, "गणपतीला धुऊन परत आण. आणि तोवर कुठं बोलू नको. एकीला दिली कळलं की सगळ्या येतील."

मी म्हटलं, नाही बोलणार. अगदी आनंदाने म्हटलं.

दहा-बारा कळश्या पाणी मावलं त्या गादीत. सासूबाईंना वर घेतलं तेव्हा त्या घाबरून माझा हात आवळून बसल्या, आणि दुपारी चक्क घोरत होत्या. ती घडी मी गावकाराच्या ओटीवर मांडली हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. न का बोलेनात. पंधरवड्यात जखमेची कड लाल झाली, आषाढात ती भरत आली. मी मुलींना बजावून ठेवलं होतं, घरातलं बाहेर सांगाल तर तंगडं मोडीन.

दर आठ दिवसांनी मी गादीचं पाणी बदलायची. विहिरीवर खालच्या वाडीतली एक सूनबाई भेटायची. तिचा सासरा घसरून पडला होता, कमरेचं हाड मोडलं होतं, कायमचा आडवा. तीही कुणी विचारलं की बरे आहेत म्हणायची. मला काय समजत नव्हतं? तिच्या हाताला माझ्यासारखाच फिनेलचा वास यायचा. एकदा तिने विचारलं, "एवढं पाणी कशाला गे नेतंस?"

मी म्हटलं, "गोधड्या धुवायच्यात."

मला भीती होती, एकाला दोघांना कळेल, गावकाराच्या कानावर जाईल आणि तो येऊन माझीही गादी काढून नेईल. ही भीती खोटी नव्हती. पण खरी असली म्हणून काय झालं? श्रावणात तिचा सासरा गेला. आंघोळ घालायला गेलेले पुरुष त्याची पाठ बघून परत आले ते विहिरीवर हात घासत बसले.

गणपतीत देवळासमोर मांडव घातला. मी गादी धुऊन, पुसून खोक्यात भरून दिली होती. अध्यक्षांनी फीत कापली, माझा नवरा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. खालच्या वाडीतली ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. टेबलावरच्या गादीकडे ती बराच वेळ बघत होती.

"ही अशी आत पाणी भरायची?" तिने विचारलं.

"हो."

"म्हंजे त्या गोधड्या नव्हत्या. तुला कधी मिळाली?"

"ज्येष्ठात."

तिने पदर नीट केला. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तवा दुसरी होती तिथं?"

"होती," मी म्हटलं.