ताटाची डावी बाजू

"पीसीओएस आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अंगात इन्सुलिन भरपूर आहे, पण शरीर त्याचं ऐकत नाही." माझं शरीर कुणाचंच ऐकत नाही हे मला शाळेतल्या कवायतीपासून ठाऊक होतं. पाळी कित्येक महिने बेपत्ता होती. जेवण बदला, वजन थोडं उतरू द्या, तीन महिने पाहू, नाहीतर मग गोळ्या, असं ठरलं. मी तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, आईबरोबर राहणारी. मूल हवं की नको हे मी ठरवलं नव्हतं, पण माझ्या शरीरानं ते मला न विचारता परस्पर ठरवून टाकावं, याची मला भीती वाटत होती आणि रागही येत होता.

आता डाएट निवडायचं होतं. साडीच्या दुकानात गादीवर ढीग लावून रिकाम्या हातानं उठणारी बाई मी. पहिल्यांदा कीटो केलं. भाकरी बंद, पनीर सुरू. थोड्याच दिवसांत सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात शेजारच्या बाईंच्या डब्याकडे मी अशी टक लावून बसले, की त्यांनी न विचारताच अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मग सोळा तास पोट रिकामं ठेवायचं डाएट निवडलं. आईला सांगताना मी "उपवास" म्हणाले, तिथंच फसले. तिनं कढईभर साबुदाण्याची खिचडी केली. "उपासाला चालतंय की!"

शेवटी पुण्याच्या एका आहारतज्ज्ञ बाई फोनवर गाठल्या. घरचंच जेवा, फक्त दोन्ही वेळच्या ताटाचा फोटो पाठवा, असं त्या म्हणाल्या. मी इमानेइतबारे पाठवत होते. एक भाकरी, भाजी, आमटी. महिना होत आला तरी काटा जागचा हलेना. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या प्रत्येक फोटोत ताट डावीकडून कापलेलं का असतं?"

"तिकडे जेवण नसतं, मॅडम," मी म्हणाले.

आणि यात माझ्या मते तसूभरही खोटं नव्हतं. जेवण म्हणजे उजवी बाजू. डावीकडे असतं ते तोंडी लावणं, त्याला कुणी जेवण म्हणतं का? तिथं तेल सुटलेली शेंगाचटणी असायची, मूठभर. ती कोरडी कशी खायची म्हणून सायीचं दही. चटणी उरली म्हणून कडक भाकरी, जी आम्ही पापडात धरतो. मग भाकरी उरली म्हणून पुन्हा चटणी. हे सगळं मी त्यांना फोनवर सांगितलं.

"शेंगदाण्यावर माझा राग नाही," त्या म्हणाल्या. "पण भाकरी एकूण किती होतात?"

"एक."

"कडक धरून?"

मी पुण्यात पाऊस आहे का ते विचारलं.

त्यांचा हुकूम साधा होता. कोशिंबीर उजवीकडे, वाटीभर. उसळ किंवा डाळ रोज, भाजी दुप्पट, चटणी चमचाभर. भाकरी एकच, आणि ती डावीकडे, लोणच्याच्या जागी. जेवल्यावर चालायचं. आईनं ते ताट बघितलं आणि कपाळाला हात लावला. "असलं उलटं कुणी वाढतं व्हय? लोक काय म्हनतील?"

"लोक कशाला येतात माझ्या ताटात बघायला?"

"मी बघायलेय की!"

पण दुसऱ्या दिवसापासून तीच काकडी किसायला लागली. वजन उतरलं, पण इतकं हळू, की शेजारणींना मुद्दाम सांगावं लागायचं. पाळीचा मात्र पत्ता नव्हता आणि तीन महिने सरत आले होते. आई सरळ विचारायची नाही. सकाळी चहा देताना फक्त म्हणायची, "पोट दुखायलंय का गं?" मी नाही म्हटलं की बिचारीचा चेहरा उतरायचा. एरवी लेकीचं पोट दुखावं म्हणून आस लावून बसलेली आई मी पाहिली नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी पहाटे पाळी आली. आमच्या घरात त्या दिवशी असल्या अवस्थेत स्वयंपाकघराकडे फिरकायचंही नाही. कॉलेजात असताना याच सणासाठी आईनं मला पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. आताही ती न्हाऊन, सोवळ्यानं पुरण वाटत होती. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि चोरासारखी म्हणाले, "आई, आली."

ती तशीच पुरणाच्या हातांनी बाहेर आली आणि तिनं मला घट्ट धरलं. "आली? खरंच आली व्हय गं?" ती रडायला लागली, मग मीही. थोड्या वेळानं मलाच आठवलं. "आई, सोवळं! नैवेद्य राहिलाय."

"असू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "त्यापण बायकाच हायत की. कळतंय त्यांना."

आणि पुन्हा अंघोळीला गेली.