नलूताईचं उतरवलेलं तोरण

माझ्या लेकीच्या साखरपुड्याच्या सकाळी माझ्या थोरल्या बहिणीने बांधलेलं फुलांचं तोरण मी उतरवून जिन्याखाली ठेवलं होतं. का उतरवलं, ते तिला सांगितलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण नलूताई गेल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण तिच्या फुलांविषयी, तिच्या रंगांच्या नजरेविषयी बोलत होता आणि मी मान हलवत होतो... त्या मान हलवण्याचा मला अजून त्रास होतो.

वैशाखातल्या एका सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. गिरगावातल्या तिच्या खोलीत, झोपेतच गेली. मी करी रोडला राहतो. तिथून सरळ गिरगावला जायचं सोडून मी आधी उलट्या दिशेला, दादरच्या फुलबाजारात गेलो, कारण ती फुलं तिथूनच घ्यायची. एका फुलवाल्याने विचारलं, "काका, कार्य काय आहे?" समोर पांढऱ्या शेवंतीचा ढीग होता. माझा अंगठा आपोआप ओठांवर गेला आणि ओल्या अंगठ्याने मी एक पाकळी चोळून बघितली. "रंग नाय लावलेला, काका," तो जरा रागानेच म्हणाला. ती सवय माझी नव्हती, नलूताईची होती.

ती महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायची. लग्नानंतर थोड्याच काळात नवऱ्याचं घर सोडून आईवडिलांच्या खोलीत परत आली ती कायमची. का आली हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि विचारणाऱ्याला ती असं बघायची की पुन्हा विचारायची हिंमत होत नसे. फुलांची सजावट हा तिचा धंदा नव्हता, हक्क होता. बारसं, मुंज, डोहाळेजेवण, नात्यात काहीही निघालं की ती रंग ठरवून मोकळी व्हायची आणि आम्ही ऐकायचो. गणपतीच्या मखराला झेंडू दिसला की म्हणायची, "त्याला दसऱ्यापर्यंत दम निघत नाही का?" नवरात्रात बायका रोजचा रंग बघून साड्या नेसायच्या, तेव्हा ही मुद्दाम दुसरा रंग नेसायची. "आज कुठला रंग, हे मला वर्तमानपत्राने सांगायचं?" आणि संशय तर रक्तातच. फुलवाल्याने ताजी म्हटली की ती देठ मोडून बघणार, पाकळी चोळून बघणार, टोपलीच्या तळाशी हात घालणार. एकदा एक फुलवाला वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही पोलिसात होता काय?" ही म्हणाली, "शाळेत होते. पोलिसांना मुलं थोडं तरी खरं सांगतात."

पण तिची एक गोष्ट आम्हाला कुणालाच कळायची नाही. समारंभ संपला की ती सगळी फुलं एका जुन्या चादरीत बांधून घरी न्यायची. मरगळलेली, चुरगळलेली, सगळी. "एवढं नेऊन त्या करतात काय?" असं माझी बायको मीना दर वेळी मला विचारायची. मी खांदे उडवायचो. ताईला विचारायची सोय नव्हती, म्हणून मी मनातल्या मनात एक उत्तर ठरवून टाकलं होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

माझ्या लेकीचा, केतकीचा साखरपुडा कार्तिकात होता. दोन दिवस आधी मी तिच्या साडीचा ब्लाउजपीस घेऊन गिरगावला गेलो. ताईला रंग प्रत्यक्ष बघायचा असायचा, फोनवरचा फोटो चालत नसे. तिच्या चाळीत आदल्या रात्री तुळशीचं लग्न झालं होतं. अंगणात तो छोटा मांडव उतरवत होते आणि ताई खाली बसून शेवंतीच्या माळा चादरीत भरत होती. मला बघताच तिने चादरीचं टोक फुलांवर ओढलं. "फोन करून यायची पद्धत आहे," म्हणाली. मग कापड उजेडात धरून बघितलं. "वांगी. छान आहे. लाल गुलाब लावून त्याची भाजी करू नकोस म्हणजे झालं." मी हसलो खरा, पण परत येताना डोळ्यासमोर ते ओढलेलं टोकच होतं.

साखरपुड्याच्या दिवशी दादरच्या एका लहानशा हॉलवर ती पहाटेच जाऊन तोरण बांधून, साडी बदलायला गेली होती. मी पोचलो. पांढरी शेवंती, निशिगंध, मध्ये मध्ये काहीतरी गडद जांभळं. सुंदर होतं. मी जवळ गेलो आणि ते जांभळं काय आहे ते दिसलं... तुळस. मंजिऱ्यांसकट. तुळशीच्या लग्नातली फुलं, माझ्या मुलीच्या दारावर! निर्माल्य! मी शेवंती हुंगली, देठ बघितले, ताईसारखाच. काही कळलं नाही. पण मला कळून घ्यायचंच नव्हतं, ताई एका कार्यातली फुलं दुसऱ्याला लावते हे मी आधीच ठरवलं होतं. व्याही यायची वेळ झाली होती. हॉलवाल्याकडे कापडी फुलांच्या माळा होत्या. मी स्टुलावर चढून तोरण सोडवलं आणि त्या लावल्या. मीनाला सांगितलं, फुलं कोमेजली होती.

ताई परत आली. दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाली. भांडली असती तर मी वाचलो असतो. ती जेवली, केतकीला आहेर केला, जावयाची थट्टा केली, आणि निघताना जिन्याखालचं तोरण चादरीत बांधून घेऊन गेली. त्यानंतर आमच्या घरातल्या एकाही कार्याला तिने फुलाला हात लावला नाही. केतकीच्या लग्नालाही पाहुण्यासारखी येऊन गेली. मी मात्र दर वेळी तिचा चेहरा तपासत राहिलो. पकडली गेली म्हणून गप्प आहे, की रागावली म्हणून? ती साधं "तब्येत कशी आहे" म्हणाली तरी मला त्यात टोमणा ऐकू यायचा.

मग केतकीला मुलगी झाली. ताई तोवर आजारी होती, फारशी उठत नव्हती. बारशाची सजावट आत्याच्याच हातची हवी म्हणून केतकी तिच्याकडे गेली आणि रडवेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आली. "बाबा, आत्या म्हणते, माझ्या हातची नको गं बाई, तुझ्या बाबांना चालत नाही. नवरा सोडून आलेल्या बाईचा हात कार्याला लागू नये म्हणून त्यांनी तोरण उतरवलं होतं. खरं आहे हे?"

इतकी वर्षं तिने हे मनात ठेवलं होतं, आणि मी भलतंच.

ताई हात लावणार नाही म्हणाली, पण रंग सांगितल्याशिवाय तिला राहवलं नाही. पाळण्याला अबोली, कारण तिला वास नसतो, बाळाला त्रास नाही. दाराला आंब्याची कोवळी तांबूस पालवी. बाकी काही नको. सगळे विचारत होते, कुणी केलं? बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी कपाटातली जुनी चादर काढून ती सगळी फुलं बांधायला लागलो. मीना म्हणाली, "आता तुम्हीसुद्धा?" मी टॅक्सी केली आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन गिरगावला गेलो.

ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. गाठोडं बघून डोळे बारीक केले. अबोलीची एक वेणी घेऊन उजेडात फिरवली. "कालचीच ना? की मला बरं वाटावं म्हणून वाटेत नवी घेतलीस?"

"कालचीच."

"संध्याकाळपर्यंत कळेलच. पसर तिथे."

खिडकीखाली वर्तमानपत्रं अंथरलेली होती. त्यांवर चहाच्या रंगाची झालेली शेवंती, काळपट गुलाब, आणि नावं सांगता येणार नाहीत अशी फुलं वाळत पडली होती. "ताई, हे कशाला गं?"

"सकाळी कोणीही रंग जुळवील. पाहुणे येतात संध्याकाळी. तोवर कुठलं फूल कुठल्या रंगावर जातं, ते बघायला नको?"

"एवढंच?"

"मग तुला काय वाटलं, लोणचं घालते? म्हणून तर झाकून न्यायची. लोक विचारतात, मला उत्तरं द्यायचा कंटाळा."

मी खाली जमिनीवर बसलो. "ताई, केतकीने सांगितलं मला. तुझ्या हाताचं तसलं काही नव्हतं गं. कधीच नव्हतं. त्यात तुळस दिसली. मला वाटलं, तुळशीच्या लग्नातली फुलं आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली, खोकला येईपर्यंत. "म्हणजे अपशकुनी नाही, चोर! थांब, यातलं बरं कुठलं ते ठरवू दे मला." पाणी प्यायली. हसणं गेलं. "सुध्या, वांगी कापड दाखवून तूच गेलास ना? त्या रंगाचं फूल अख्ख्या बाजारात नव्हतं. काळ्या तुळशीच्या मंजिरीला होता तो रंग. माझ्या कुंडीतल्या खुडल्या."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. "म्हणजे फुलं सगळी ताजीच होती!"

तिचे डोळे पुन्हा बारीक झाले. "आणि समज, दोन-चार शेवंत्या त्या मांडवातल्या असत्या, तर? मग तुझं बरोबर होतं?"

"होत्या का?"

"सांगणार नाही."

नाही सांगितलं. त्या चेहऱ्यावर मी उत्तर शोधलं, आणि परवा तिची खोली आवरायला गेलो तेव्हाही, नको म्हटलं तरी, मनात तेच होतं. असतीलही. लबाड होती, ते बरोबर घेऊन गेली. खिडकीखालची वर्तमानपत्रं मी कुणाला उचलू दिलेली नाहीत. त्यांवरची अबोली सुकून कागदासारखी झालीय, रंग मात्र थोडासाच उतरलाय. त्या दिवशी ती पसरताना मी ताईकडे बघू शकत नव्हतो. एकेक वेणी सुटी करत, खाली मान घालून म्हणालो होतो, "असतील नाहीतर नसतील, ताई. मी तोरण उतरवायला नको होतं. तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं... माफ कर."